मुंगसाची बाजू घेणारा ट्रेसर

"सिनेमा संपला म्हणजे गोष्ट संपली, असं तुला कोणी सांगितलं रे?"

हे वाक्य ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे. चष्मा वर गेला की कँटीनमधल्या आमच्या टेबलावरचा एकेक जण "आलोच" म्हणून उठायचा. मी बसून राहायचो. थोडी अक्कल असती तर मीही उठलो असतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी वाद घालून हाती काही लागत नाही, आणि वाद घातल्याशिवाय आठवडाही जात नाही. माझ्या वाट्याला हे आले.

विक्रोळीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, ते ट्रेसर होते. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तीच रेघ शाईने गिरवायची. वीसेक वर्षं त्यांनी हेच केलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव कणकवलीच्या बाजूला, लग्न केलेलं नाही, घाटकोपरला चाळीत एक खोली. मी त्याच ऑफिसात नवा ड्राफ्ट्समन. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मीही भाऊ म्हणायचो.

भांडणाचं मूळ एक इंग्रजी सिनेमा. अंतराळातला. त्यात एक म्हातारा वैमानिक होता. सबंध सिनेमाभर तो जेमतेम दहा वाक्यं बोलतो. दोन्ही हातांत कायम मोजे घालतो. आपल्या शेजारच्या सीटवर कुणाला बसू देत नाही. शेवटी तो एक मोजा काढतो, हातावरचा भाजल्याचा मोठा डाग दिसतो, आणि बाकीच्यांना वाचवण्यासाठी तो आपलं यान घेऊन एकटाच शत्रूवर जाऊन आदळतो. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडलो.

मग तिकडच्या टीव्हीवाल्यांनी त्याच सिनेमाचं कार्टून काढलं. माझा घाटकोपरचा मित्र जयेश, त्याचा मामा परदेशात होता. तो टीव्हीवरून टेप करून कॅसेटी पाठवायचा; मूळ सिनेमाचीही एक पाठवली होती. जयेशच्या घरी व्हीसीआर होता, म्हणून रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो. मी, जयेश, ऑफिसातला कांबळे आणि भाऊ.

पहिला भाग बघून मी डोक्याला हात लावला. म्हातारा चक्क जिवंत! हातावर डाग नाही, मोजे नाहीत, तोंडाची टकळी अखंड चालू. आणि शेजारच्या सीटवर, जिथे सिनेमात कुणाची बसायची हिंमत नव्हती तिथे, एक हिरवं मुंगूस. बोलणारं मुंगूस. दर पाच मिनिटांनी विनोद करणारं.

"वाट लावली यार सिनेमाची," कांबळे म्हणाला.

"मुलांसाठी केलंय ना," जयेश म्हणाला.

भाऊंचा चष्मा वर गेला. "मुंगूस झकास आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून जवळजवळ वर्षभर हा माणूस त्या मुंगसाचा वकील होता. म्हातारा मेलेला असताना जिवंत कसा, असं विचारलं की म्हणायचे, "ही आधीची गोष्ट आहे. मरायच्या आधी माणूस जगलेला असतो ना?" मग डाग कुठाय? "पडेल अजून." मोजे? "डाग पडल्यावर घालेल." आणि तो एवढा बडबड्या कसा? "तू काय जन्मभर असाच तोंड वाकडं करून बसलेला होतास काय मेल्या?"

बरं, शांतपणे बघतील तर तेही नाही. मध्येच उठून पडद्याला नाक लावायचे. "हा हात मागच्याच भागातला. तोच कागद परत वापरलाय. बघ, अंगठा तसाच!" आम्ही म्हणायचो, भाऊ, म्हणूनच तर हे फालतू आहे. यावर ते खरोखर दुखावायचे. "एका मिनिटाला शेकडो चित्रं लागतात. काढणाऱ्याचा हात दुखतो, त्याचं काय?" जयेशची आई चहा घेऊन यायची आणि टीव्हीसमोर ह्यांची पाठ बघून परत आत जायची.

ऑफिसातही सुटका नव्हती. मी बेअरिंगचा आराखडा काढत असायचो आणि मागून आवाज यायचा, "मी विचार केला. मुंगसाला त्याच्या बायकोने पाळलेलं असणार." म्हाताऱ्याला बायको होती हे सिनेमात नाही, कार्टूनमध्येही नाही. मी पेन्सिल खाली ठेवायचो. डोकं तापायचं. आणि तरी विचारायचो, "कशावरून?"

मग एक दिवस मामाच्या पत्रातून कळलं की कार्टून बंद पडलं. तिकडे कुणी बघेना म्हणे. शेवटचा भाग वगैरे काही नाही, मध्येच थांबलं. आम्ही तिघांनी त्या रविवारी आनंदाने भेळ खाल्ली. भाऊ भेळेला हात न लावता बसले होते.

"असं अर्धवट कसं सोडतात?" ते म्हणाले. "आता तो डाग कसा पडला, ते कळणारच नाही."

"भाऊ, काही पडला-बिडला नाही," मी म्हणालो. "ती नक्कल होती. भिकार नक्कल. खरं काय ते सिनेमात आहे."

"नक्कल कशी? त्यात माणसाचं मन आहे."

"तुम्हाला नक्कलच आवडणार," मी म्हणालो. "आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघांवर रेघा ओढल्यात तुम्ही."

बोलून गेलो. कांबळे खाली बघायला लागला. भाऊंनी चष्मा नाकावर नीट बसवला, जयेशच्या आईला "येतो वहिनी" म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

हे बोलायला मी वेळही मोठी छान निवडली होती. त्याच महिन्यात ऑफिसात मोठ्या आराखड्यांच्या कॉप्या काढणारं मशीन आलं होतं आणि ट्रेसर लोकांना स्टोअरमध्ये पाठवायचं चाललं होतं. भाऊ स्टोअरमध्ये जाऊन नटबोल्ट मोजायला लागले. मला दिसले की मान हलवायचे. बोलायचे नाहीत. मी माफी मागायची ठरवून दोनदा स्टोअरच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा वॉशर मागून परत आलो.

दीड महिना असा गेला. एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले, काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. आत येऊन सरळ जमिनीवर बसले आणि कागद एकापुढे एक पसरत गेले. आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"चूक काढ," म्हणाले.

तो शेवटचा भाग होता. त्यांनी स्वतः काढलेला. वीस वर्षांत या माणसाने स्वतःची अशी एक रेघ काढली नव्हती, आणि आता फरशीवर सत्तर-ऐंशी चित्रं होती. यानाच्या इंजिनाला आग लागते. मुंगूस आत अडकतं. म्हातारा जळत्या दारात हात घालतो. हात भाजतो, पण मुंगूस वाचत नाही. त्यानंतरच्या चित्रांत म्हाताऱ्याचं तोंड बंद आहे. हातांत मोजे आहेत. एक तरुण वैमानिक येऊन शेजारच्या सीटवर बसायला बघतो, आणि म्हातारा तिथे आपला हात ठेवतो.

तिथून सिनेमा सुरू होतो.

मी वर्षभर घेतलेले सगळे आक्षेप त्या फरशीवर एका ओळीत मिटले होते. वैताग असा, की पटलं होतं. त्या वेळी साधं "भाऊ, चांगलं झालंय" म्हणायला हवं होतं, मागचीही माफी मागून टाकायला हवी होती. मी काय म्हणालो?

"डाग उजव्या हाताला काढलाय तुम्ही. सिनेमात डाव्या हाताला आहे."

त्यांनी चित्राकडे पाहिलं. "डाव्या?"

"डाव्या. चार वेळा बघितलाय मी."

ते गुडघ्यांवर रांगत एकेक कागद गोळा करायला लागले. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "राहू दे. शाई पुसट होईल." चहाही घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात कळलं, त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. ट्रेसरची जागाच राहिली नव्हती आणि नटबोल्ट मोजायला त्यांचं मन लागेना. कांबळेकडे निरोप ठेवून गावी गेले. मला भेटले नाहीत.

मी कांबळेकडून पत्ता घेऊन पत्र लिहिलं. तोंडाने जमलं नव्हतं ते कागदावर लिहिलं. तुमचा शेवट टीव्हीवाल्यांना सुचला नसता, असंही लिहिलं. मी जयेशच्या घरी बोललो त्याची लाज वाटते, असंही लिहिलं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ट्रेसरचं सुबक अक्षर.

"पत्र मिळाले. चांगले झाले आहे हे मला माहीत होते. नक्कल म्हणालास ते मी तेव्हाच सोडून दिले. पण हाताचे काय? मी निघायच्या आधी जयेशकडे जाऊन सिनेमाची कॅसेट लावून पाहिली. शेवटी तो मोजा काढतो तेव्हा आपल्याला तो समोरून दिसत नाही, यानाच्या काचेत दिसतो. काचेत डावे ते उजवे. तू पुन्हा नीट बघ आणि कळव. इकडे सर्व ठीक."

मी वैतागून त्याच संध्याकाळी जयेशकडे गेलो. एका माणसाचा हट्ट म्हणून तो प्रसंग लावला, थांबवला, मागे घेतला, पुन्हा लावला. पडद्याला नाक लावलं. म्हाताऱ्याच्या खांद्यामागे काचेची कड होती. वरच्या कोपऱ्यात यानाचं नाव उलट्या अक्षरांत होतं. चार वेळा मला ते दिसलं नव्हतं, कारण चारही वेळा डोळ्यांत पाणी होतं.

डाग उजव्या हाताला होता.

मी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "भाऊ, हरलो. हात उजवाच. चित्रं आहेत तशीच ठेवा, एकही रेघ बदलू नका. दिवाळीला येतो, तेव्हा पुन्हा सगळी बघायची आहेत."

उत्तर त्यांच्या भावाकडून आलं. तुमचे पत्र आले त्याच्या आदल्या गुरुवारी ते गेले. दोन दिवस ताप होता, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. सामानात चित्रांची एक मोठी गुंडाळी आहे, ती तुमच्या कामाची असेल तर घेऊन जा.

दिवाळीला जाऊन मी ती घेऊन आलो. माझ्या कपाटाच्या वर आहे. पण हरलो असं मी आयुष्यात एकाच माणसाला लिहून दिलं, आणि त्या माणसाने ते वाचलं नाही.