भाऊजी आणि आतला गंज

आपल्या मधुमेहाचं एवढं कौतुक करणारा माणूस अख्ख्या मुरुडात दुसरा नसेल, असे आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर. लोक नातवंडांचे मार्क सांगत फिरतात, हे सकाळची साखर सांगत फिरतात. वाडीत नारळ उतरवणाऱ्याला सांगतील, एसटीच्या कंडक्टरला सांगतील, आणि आकडा वाढला की खापर माझ्या आमटीवर. मी घातलेला गुळाचा एवढासा खडा त्यांना दिसतो, स्वतः पाडलेला फणसाचा फडशा दिसत नाही. म्हणे, आपल्या वाडीतला फणस बाधत नाही. आता काय बोलायचं? सत्तरी ओलांडलेल्या माणसावर पहारा ठेवून मी दमले बाई.

या कारभारात त्यांचे भागीदार हमीदभाई, मागच्या मोहल्ल्यातले, गल्फमधून परतलेले. दोघांची साखर एकाच वर्षी निघाली, त्यामुळे जुळ्या भावांचा तोरा. एकाच बेकरीचा पाव, एकाच टोपलीतला बांगडा, गोळ्यासुद्धा एकाच दुकानातून. गेल्या साली मुंबईहून दोन डॉक्टर मुली दवाखान्यात आल्या. साखर असलेल्या म्हाताऱ्यांच्या शरीराला आतून गंजासारखं काही चढतं, ते वेगवेगळ्या समाजांत कमीजास्त असतं का, हे त्यांना रक्तावरून बघायचं होतं. शिवाय मूत्रपिंडाची तपासणी फुकट. मग काय, दोघे उपाशीपोटी सगळ्यांच्या आधी हजर. मुलीनं समाज विचारला, तर भाऊजी म्हणाले, मुरुडकर. तिनं पुन्हा विचारलं.

"अगं, इथल्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज गंजतात, ते काय घर कुणाचं ते बघून? आमचा दोघांचा गंज एकच लिही."

हेच तर बघायचंय आजोबा, म्हणाली ती बिचारी. पुढे महिनाभर भाऊजी पैजेवर सांगत होते, रिपोर्ट सारखेच येणार.

सारखे आले नाहीत. भाऊजींचं सगळं ठीकठाक, फणसासकट. हमीदभाईंची मूत्रपिंडं मात्र जवळजवळ गेलेली. मुली म्हणाल्या, एकदोघांवरून समाजाचं काही ठरत नाही, कारणं पुष्कळ असतात. भाऊजींच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. चांगला रिपोर्ट हातात धरून मेल्यासारखे बसले, आणि मला विचारतात, "वहिनी, रक्ताच्या बाटल्या बदलल्या नसतील ना?" मला इतकं वाईट वाटलं, की रागावताही येईना. तो रिपोर्ट त्यांनी कुणालाच सांगितला नाही.

आता हमीदभाईंना डायलिसिससाठी अलिबागला न्यावं लागतं. भाऊजी सोबत असतात. परवा मीही गेले. यंत्राला जोडलेले हमीदभाई डोळे मिटूनच म्हणाले, "तुजा रिपोट काय आयलेला रे? सांगितलासच न्हाय."

"तुझ्यासारखाच," भाऊजी म्हणाले. "तुझ्यामागून माझा नंबर."

हमीदभाईंनी चाचपून त्यांचा हात धरला. "मग सावकाश ये."

परतताना एसटीत हमीदभाई त्यांच्या खांद्यावर झोपले होते. भाऊजी खांदा न हलवता बसून होते, कंडक्टर आला तरी नुसते पैसे पुढे केले. आणि कधी नव्हे ती मला त्यांची बडबड हवीशी वाटली.