गोठ्यापुढचा पालथा दगड

ओल्शिंका म्हणजे नदीच्या वळणावर, दलदलीच्या कडेला टेकलेली अठरा घरं. त्यातलं एकही आम्ही बांधलेलं नाही. दुसरं महायुद्ध संपलं, पोलंडची सरहद्द पश्चिमेला सरकली. इथल्या जर्मनांना पश्चिमेला हाकललं आणि पूर्वेकडून हाकललेले आम्ही पोलिश लोक त्यांच्या चुली पेटवायला आलो. लेओकाडियाही तशीच आली, नवरा, एक गाय आणि एक पेटी घेऊन.

जर्मन परत येतील, ही धास्ती तिला जन्मभर पुरली. छप्पर गळलं तर खाली बादली ठेवायची, दुरुस्ती नाही. "दुसऱ्याच्या घराला आपला खिळा कशाला?" पेटी तर तीस वर्षं दाराशी बांधलेलीच. नवरा जिग्मुंट चिडवायचा, "पेटीला मुळं फुटली गं, तुला कधी फुटणार?" त्याने मात्र एक काम केलं. गोठ्यापुढे चिखल व्हायचा, म्हणून जुन्या जर्मन दफनभूमीतल्या कबरीवरचा एक नाव कोरलेला दगड उचलून आणला आणि पायरी म्हणून पालथा टाकला. सगळं गावच आणत होतं. कोण कुणाला बोलणार?

जिग्मुंट गेल्यानंतर एका दुपारी ती आलीच. पांढऱ्या केसांची जर्मन बाई, हातात फुलं. लेओकाडियाला वाटलं, गेलं घर!

"घाबरू नका हो," बाई मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये म्हणाली. "घर तुमचंच. मी वडलांची कबर शोधतेय. ओटमार केलनर. दफनभूमीत नुसतं गवत माजलंय. दगड कुठे गेले, ठाऊक आहे?"

"मला? नाही बाई!"

"जरा टेकते. चालून चालून पाय मोडले." आणि ती नेमकी त्याच पायरीवर बसली.

लेओकाडियाने ताक दिलं.  बाई ते प्यायली, तिने आभार मानले. फुलं आता कुठे ठेवायची हे कळेना, म्हणून पायरीवरच ठेवून निघून गेली.

लेओकाडियाने पहार आणली, दगडाखाली घातली आणि तशीच उभी राहिली. तेच नाव निघालं तर? देवा रे! पहार परत ठेवून दिली.

त्यानंतर बारा वर्षं ती धारेला जाताना पायरी ओलांडून जायची. गुडघे कुरकुरले तरी पाय ठेवला नाही. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मुलीला म्हणाली, "माझ्यावर दगड नको हं. लाकडी क्रॉस लाव, कुजू दे. दगडाची उद्या कुणीतरी पायरी करील."