अमेरिकेतली जागल

परवा एम.ए.चा शेवटचा पेपर आहे, एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य. दोनदा राहिलाय. आज अमरावतीला कॉलेजात मॅडमनी सराव पेपर परत दिले आणि माझं एक उत्तर वर्गात वाचून दाखवलं.

प्रश्न होता, तिकडचा लेखक गाव सोडून जंगलात झोपडी बांधून एकटा का राहतो? मी लिहिलं होतं, पीक राखायला. सगळा वर्ग हसला.

वलगावला घरी आले तेव्हा बाबा वावरात जागलीला निघायच्या तयारीत होते. रात्रभर शेतात घुसणारी डुकरं हाकलायची असतात. त्यांना झालेलं सांगितलं.

"हासाले काय झालं त्यात? दुसऱ्या कायले जाईन मानूस?"

"तो विचार कराले गेलता बाबा. सोताले शोधाले."

हे वऱ्हाडीत सांगताना मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. लगेच इंग्रजीत लिहायला बसले. दोन ओळी झाल्या, त्याही गाइडमधल्याच.

पेपर याही वेळी निघत नाही, मला माहीत आहे. पण जाता जाता बाबांनी जे विचारलं, ते गाइडमध्येही नाही. तुम्हाला येतं का उत्तर?

"तो तिकडे सोताले शोधत होता, तवा त्याचं वावर कोन राखत होतं?"