साहेबमामांची फ्रान्सची बाटली

साहेबमामांना राग आला की ते ओरडत नसत, ठेवून देत. इतरांचा राग चार दिवसांत निवतो, मामांचा वर्षानुवर्षं ताजा राहायचा. ‘‘मला इसरायला जमत न्हाई गं,’’ ते मला म्हणायचे, ‘‘आन् जमलं तरी मी इसरनार न्हाई.’’ मला हे फार आवडायचं. आमच्या घरात माफ करणारे पुष्कळ होते, उट्टं काढणारा हा एकच.

भोकरजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीतले ते पहिले इंजिनिअर, म्हणून साहेबमामा. नोकरी लातूरला पाटबंधारे खात्यात झाली, घरही तिथेच बांधलं. मी नांदेडला बँकेत आहे; जोडून सुट्टी आली की एसटी पकडून मामा-मामींकडे पळायचे.

त्यांच्या रागाचा सगळ्यात मोठा वाटा बापूसाहेबांचा होता. बापूसाहेब मामांच्याच हापिसातले, राहायलाही त्यांच्याच कॉलनीत. गाव मोठं, जमीन मोठी, बोलणं त्याहून गोड. धरणाचं कुठलंही किचकट काम अडलं की ते मामांकडे यायचे, तासन् तास बसून ते समजून घ्यायचे. पण सबंध नोकरीत त्यांनी या घरात पाण्याचा घोट घेतला नाही. मामी चहा घेऊन आली की, ‘‘वहिनी, आज चतुर्थी आहे,’’ नाहीतर, ‘‘आत्ताच घेऊन निघालो बघा.’’ एकदा तर पाण्याच्या पेल्याकडे बघून म्हणाले, ‘‘पित्त झालंय.’’ पाण्यानं पित्त वाढतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘मामी, कशाला दरवेळी चहा ठेवतेस त्या माणसाला?’’ उत्तर मामांनी दिलं. ‘‘ठिवायचा. त्यानं दर बारीला माझ्या तोंडावर न्हाई म्हनलं पायजे.’’

आता बाटलीचं. धरण बघायला आलेल्या एका फ्रेंच पाहुण्यानं जाताना मामांना लाल वाइनची बाटली दिली होती, तेव्हाच चांगली जुनी. मामा पंचशील पाळणारे, दारूला शिवायचे नाहीत. पण भेट फेकायची कशी? त्यांनी ती माळ्यावर, गाद्या आणि मिक्सरच्या खोक्याशेजारी उभी करून ठेवली. वर तापलेला स्लॅब, खाली लातूरचा उन्हाळा. असे कितीतरी उन्हाळे तिनं काढले.

निवृत्तीनंतर बापूसाहेबांना वाइनचं वेड लागलं. मुलानं नाशिककडचे द्राक्षमळे दाखवून आणले, तेव्हापासून सकाळी फिरायला आले की ते पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, हे हवेत करून दाखवत. ‘‘जितकी जुनी तितकी भारी. खरी जुनी फ्रेंच मिळाली ना, तर मी कुठंही जाईन.’’

‘‘कुठंबी?’’ मामा थांबले. ‘‘मंग आमच्या घरी या की. हाय आमच्याकडं. तुमच्या नोकरीपेक्षा जुनी.’’

बरोबरचे दोघे निवृत्त सहकारी हसले, म्हणाले, ‘‘चला बापूसाहेब, आम्ही पण येतो.’’ आता बापूसाहेबांना मागे फिरता येईना.

संध्याकाळी सगळे आले. मीही त्या दिवशी लातूरलाच होते, आणि नसते तर जन्मभर हळहळले असते. बूच ओढताना भुगा होऊन निम्मं आत पडलं. मामांनी वाइन चहाच्या गाळणीतून स्टीलच्या पेल्यात गाळली. रंग लाल कसला, काढ्यासारखा तपकिरी. मी स्वयंपाकघरात जाऊन बोट बुडवून चाखलं. क्षणभर जांभळासारखं काहीतरी जिभेला लागलं, वाटलं कधीकाळी ही खरंच चांगली असेल. आणि लगेच चिंचेच्या कोळात भिजवलेलं पोतं चोखल्यासारखं तोंड झालं. दोघा सहकाऱ्यांनी वासावरच पेले खाली ठेवले.

बापूसाहेबांना ते शक्य नव्हतं. सकाळ-सकाळ इतकी भाषणं दिल्यावर माणूस कुठल्या तोंडानं म्हणणार की ही नासली आहे? त्यांनी पेला फिरवला, डोळे मिटले, घोट घेतला. ‘‘वा! काय मुरलीय!’’

‘‘घ्या की मंग,’’ मामांनी पेला भरला. ‘‘तुमच्यासाठीच ठिवली व्हती.’’ त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी कधीच पाहिला नव्हता.

दुसरा पेला अर्धा झाला तेव्हा बापूसाहेबांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, घशातून आवाज निघेना. कसेबसे म्हणाले, ‘‘वहिनी... पाणी.’’

या घरात त्यांनी पाणी मागितलेलं सगळ्यांनी ऐकलं. मामांचं काम तिथंच झालं होतं. ते मामीला म्हणाले, ‘‘दे गं.’’

मामी दारात उभी होती. तिच्या मागे टँकरच्या पाण्याचं काठोकाठ भरलेलं पिंप सगळ्यांना दिसत होता. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘‘आज न्हाई जमायचं भाऊजी. नळाला पानीच आलं न्हाई.’’

लातुरात या कारणावर कुणालाही काही बोलता येत नाही. बापूसाहेब तोंडावर रुमाल धरून बाहेर पडले, मागोमाग ते दोघेही गेले.

मामा मामीकडे वळले. ‘‘मी दे म्हनलं व्हतं की. झाली व्हती त्याची फजिती. तू बी इतकं मनात धरून व्हतीस व्हय?’’

मामी पेले गोळा करत होती. ‘‘तुमी नुसतं बगत व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘त्यो चहा दर बारीला मोरीत मी ओतत व्हते.’’

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. नातेवाईक माझ्याकडे बघून म्हणतात, साहेबमामांचा राग हिच्यात उतरलाय. मी मान डोलावते. पण मला हवाय तो मामीचा.