भिंतीवरची विहीर

पहिल्या निवडणुकीच्या आधी धुळ्याहून एक रंगारी आला आणि आमच्या घराची सडकेकडची भिंत मागू लागला. आमचं घर सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागूनच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच हो म्हटलं. रंगाऱ्याने त्यांनाच समोर उभं करून सुखी शेतकरी काढला. मिशा जरा दाट केल्या, मागे पांढरीशुभ्र बैलजोडी दिली आणि शेजारी काठोकाठ भरलेली विहीर. खाली उमेदवाराचं नाव. आता आमच्या शेतात विहीर नव्हतीच, आणि बैल एकच, तोही काळा!

पण आबा त्या चित्रावर असे भुलले की विचारू नका. येता-जाता भिंतीपुढे उभे राहून मिशीवरून हात फिरवायचे. गाडीवाले चित्र बघून थांबत, "आबा, तुम्हनी इहीरनं पानी पाजा," म्हणत. नाही म्हणतील तर ते आबा कसले! "पोरी, आपली इहीरनं पानी आन!" अशी हाक यायची. मग मी कळशी घेऊन नाल्यापलीकडच्या गावविहिरीवर. मान मोडून गेली माझी. माय म्हणायची, "बडा घर, पोकळ वासा!" मी चिडायचे, पण आबांचा फुललेला चेहरा दिसला की मेलं हसूच यायचं.

त्यात शिंदखेड्याहून मला पाहायला पाहुणे आले. भिंत बघूनच ते खूश होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा मुलाचे वडील आबांना विचारत होते, "इहीरले बारमास पानी रहास का?" हो म्हटलं, तर उद्या सासरी टोमणे मलाच खावे लागणार. नाही म्हटलं, तर पाहुणे आत्ताच उठणार. आणि आबा तर महिनाभर ज्याला त्याला "बारमास" म्हणून सांगत होते.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कळशी हिंदकळून माझा खांदा अजून ओला होता. मग ते खाली बघत म्हणाले, "इहीर भितवरच शे, भाऊ. पानी ही पोर आनस."

मुलाच्या वडिलांनी माझ्या हातून तांब्या घेतला, सगळं पाणी प्यायले आणि सोयरीक तिथेच पक्की केली. मी मात्र आत जाऊन ढसाढसा रडले. आता आबांना पाणी कोण आणून देणार?