फिटर निघाला आहे

ताईला फ्रीझरच्या खोलीतून बाहेर काढलं तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि हातात लोण्याची गोठलेली वीट होती. वीट ती सोडेना, कारण बोटं उघडतच नव्हती. आतून दार ठोकून ठोकून विटेचा एक कोपरा पार चेपला होता. मालाच्या गाडीचा ड्रायव्हर नेमका तिथून चालला होता म्हणून बरं. त्यालाही आधी यंत्रच खडखडतंय असं वाटलं. आत जिवंत माणूस असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

बातमी बेकरीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा ताईची धाकटी बहीण कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिला सगळे लगेचबाई म्हणत. तिला काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "लगेच!" चहा घेतेस? लगेच. माझ्या रजेचं बघतेस? लगेच. काम त्या दिवशी होईलच असं नाही, पण उत्तराला उशीर नाही. हुशार होती, त्यात वाद नाही.

दोघी एकाच आईच्या पोटच्या, पण एक बोटांनी केकवर क्रीमची फुलं काढायची आणि दुसरी बोटांनी बटणं बडवायची. ताईनं शाळा लवकर सोडली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. "पुस्तक उघडलं की मला झोप येते," ती म्हणायची. "तू शीक गं. मी तुझ्या वाटचं झोपते."

लगेचबाईचं काम म्हणजे कारखान्याच्या चॅटमध्ये चालणारी छोटी छोटी अ‍ॅप्स तयार करणं. रजा मागायचं एक, पाळी बदलायचं एक, आणि सगळ्यांत लाडकं 'मदतनीस'. काही बिघडलं की त्यात चार शब्द लिहायचे. मदतनीस ते दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकणार आणि फिटर येणार. हे सगळं ती एका फ्रेमवर्कवर उभं करायची. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. दारं-खिडक्या, बेल, सगळं आधीच बसवलेलं. आपण फक्त कुठली बेल वाजली की कोणी उठायचं तेवढं लिहायचं. पण त्याचा एक कडक नियम होता. बेल वाजली की दोन-तीन सेकंदांत 'मिळालं' म्हणायचं, काम नंतर करा. पोच द्यायला उशीर झाला की समोरच्याच्या फोनवर लाल अक्षरांत चूक दिसते, आणि मग लोक वरच्या मजल्यावर येऊन डोकं खातात.

हा नियम लगेचबाईच्या स्वभावाला अगदी मानवला.

दवाखान्यात ताईचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोटं वाचतील. उजव्या तर्जनीच्या टोकाचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. लगेचबाईला रडूही येईना. ती नुसती त्या बँडेजकडे बघत राहिली.

"अशी भुतासारखी उभी राहू नकोस," ताई म्हणाली. "बस. आतलं हँडल सैल झालंय हे मी परत परत कळवत होते. तुझ्या त्या मदतनिसातच. दर वेळी काय आलं? 'नोंद झाली, फिटर निघाला आहे.' कुठून निघाला होता गं? चंद्रावरून?"

"त्याला मी सोडत नाही," लगेचबाई म्हणाली. आता तिला धरायला काहीतरी सापडलं होतं.

फिटरदादा कारखान्यातला जुना माणूस. डोकं कायम एखाद्या यंत्रात खुपसलेलं, बोलणं तोडकं. ताईला घरी सोडल्यावर दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं, ताईलाही बोलावलं. तो नोकरीतून जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याचं एकच पालुपद होतं: "मला निरोपच आला नाही."

"अ‍ॅप कशाला खोटं बोलेल?" हे लगेचबाईचेच शब्द. तिनेच ते कँटीनमध्ये चार लोकांना सांगितले होते, आणि चार लोकांनी चाळीस जणांना.

साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एका टोकाला ताई आणि दुसऱ्या टोकाला फिटरदादा बसला होता. शर्ट इस्त्रीचा. तसा शर्ट त्याच्या अंगावर कोणी बघितलेला नव्हता. त्याला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणून लगेचबाई तरातरा त्याच्यासमोर गेली.

"काढा फोन. सगळ्यांसमोर काढा."

त्याने फोन काढून गुडघ्यावर ठेवला. ताईचा फोन लगेचबाईने स्वतः हातात घेतला, कारण ताईला बोटं नव्हतीच वापरायला. तिने मदतनिसात लिहिलं: पंख्याचा आवाज येतोय.

डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. नोंद झाली. फिटर निघाला आहे.

तिघंही फिटरदादाच्या गुडघ्याकडे बघत बसली. फोन गप्प. ना आवाज, ना उजेड. कोपऱ्यातल्या शिपायानेही मान लांब केली. फोन आपला गप्प.

"मी निघालो का?" फिटरदादाने विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

लगेचबाईने परत ताईच्या फोनकडे बघितलं. "तुमचा ग्रुप... तुम्ही दुरुस्तीच्या ग्रुपमध्ये आहात ना?"

"तो जुना? तो कधीच बंद केला आम्ही. नुसते विनोद आणि वाढदिवस यायचे त्यात. आमच्या मुकादमाने नवा काढलाय." मग जरा संकोचून तो म्हणाला, "मला वाटलं, यंत्रं सुधारली. तक्रारीच येईनात. लोक मात्र एकाएकी उर्मट झाले होते. जिन्यात अडवून ओरडायचे, 'कधीचा निघालायस!' मी म्हटलं, असेल काहीतरी. मी आपला तिथल्या तिथे दुरुस्त करून द्यायचो."

नव्या ग्रुपमध्ये मदतनिसाला कोणी घेतलंच नव्हतं. बोलावल्याशिवाय अ‍ॅप कुठल्या ग्रुपमध्ये शिरू शकत नाही. ते रोज बंद दारावर जाऊन निरोप ठेवत होतं. निरोप पोचला नाही तर बोंब मारायची सोय फ्रेमवर्कमध्ये होती, पण ती बोंब लगेचबाईने स्वतः बंद केलेली. एका दुपारी सारखे इशारे येऊन तिचं डोकं उठलं होतं, तेव्हा तिने एक ओळ लिहिली: चूक झाली तर गप्प बस. आणि 'फिटर निघाला आहे' हे वाक्य तिने पोच देण्याच्या जागीच टाकलं होतं, कारण नुसतं 'मिळालं' कोरडं वाटतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! करून बघितलं होतं की तिने, पण कसं? तक्रार करणारी ती, आणि फिटरच्या जागीही तीच. आपला निरोप आपल्याला न पोचायला काय झालं?

"ताई," ती म्हणाली.

ताईला अ‍ॅपमधलं काही कळत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा ती पाळण्यापासून वाचत आली होती. बँडेजचा हात उचलून तिने दाराकडे दाखवलं.

"आत चल. आधी तू बोलायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी मी देऊ देणार नाही. आणि फिटरदादा, मी तुमच्याबद्दल काय काय बोलले ते तुमच्या कानावर आलंच असेल."

"आलं."

"ते परत घेते."

साहेबांसमोर लगेचबाईचा आवाज इतका बारीक झाला की साहेब दोनदा म्हणाले, "मोठ्याने." सगळं ऐकून झाल्यावर ते खुर्चीतून उठले आणि परत बसले. "म्हणजे आपल्याकडे इतके दिवस कोणीच कोणाला काही कळवत नव्हतं?" त्यांनी विचारलं. "आणि सगळ्यांना वाटत होतं की कळवलंय?" फिटरदादा नोकरीत राहिला. लगेचबाईची ठरलेली बढती गेली.

संध्याकाळपर्यंत मदतनीस बदलला. आता तक्रार लिहिली की उत्तर येतं: अजून कोणी वाचलेलं नाही. फिटरने स्वतः बटण दाबल्यावरच ते बदलतं. लोकांना आवडलं नाही. "काय हे अशुभ बोलणं!" कँटीनवाला म्हणाला.

फिटरदादाने फ्रीझरचं हँडल नवं बसवलं आणि वरून लगेचबाईला बोलावून घेतलं.

"मला आत ठेवून दार लावा," ती म्हणाली.

"मी तीनदा ओढून बघितलंय."

"तुम्ही बघितलंय. मी नाही."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, भिंतीवरचा जाड कोट काढून तिला दिला. "मी इथेच उभा आहे. कुठे निघालेलो नाही."

दार लागलं. थंडी कोटाच्या आत घुसली, श्वास नाकातच अडला. तिने हँडलकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. दाराची आतली बाजू कोणी पुसलीच नव्हती. त्यावर लोण्याचे डाग होते, गोठलेले, पिवळे. वरचे तिच्या डोक्याच्या उंचीवर, जोरकस. मग खांद्यापाशी. मग कमरेपाशी, फिकट. शेवटचा अगदी जमिनीलगत होता, एखाद्याने बसून, अंगात त्राण नसताना उमटवल्यासारखा.