बिलचं गाणं, जोश्यांचं लेबल

किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण ड्रॉवर बंद होत नाही. माझ्या ड्रॉवरमधले बरेचसे ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरातल्या कंट्री म्युझिकवाल्यांचे आहेत. निवृत्त होऊन मुलाकडे न्यूझीलंडला आलो, तेव्हा शेजारचे फार्मसिस्ट जोशी मला दर रविवारी दुपारी या मंडळींच्या हॉलवर नेत.

तिथला नियम एकच. प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं. ते दुसऱ्याने गायचं नाही. आमच्या ऑफिसात खुर्च्यांचं असंच होतं.

जोश्यांना नेमकं बिलचं गाणं हवं होतं. बारमधला एकटा माणूस पेला उंचावून 'आणखी एक' मागतो, ते जुनं अमेरिकन दारूचं गाणं. बिल निवृत्त ट्रक ड्रायव्हर, बिअरचा निष्ठावंत. जोशी सुपारीलाही न शिवणारे. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, यू डोन्ट ईव्हन ईट रम केक!"

*

जोश्यांकडे त्या गाण्याच्या सगळ्या सीडी होत्या. मूळ गायकाने ते रडत गायलं. दुसऱ्याने वेग वाढवला, तर लोक नाचायला लागले. एका पाद्र्याने दारू काढून पाणी घातलं. ते मात्र पडलं.

"पाण्यासाठी कोण रडतं?" बिल म्हणाला.

माझी निम्मी नोकरी मराठवाड्यात झालेली. मी हात वर केला.

*

जोश्यांनी मराठी आवृत्तीही केली. त्यात बारचं अमृततुल्य झालं होतं आणि नायक तिसरा कप मागत होता. जोशीवहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्याला म्हणावं, साखर कमी घे."

*

शेवटी जोश्यांनी सरळ विचारलं, "बिल, एकदाच गाऊ दे ना."

"मी सोडेन त्या दिवशी तुझं."

"गाणं सोडशील?"

"बिअर."

हॉल हसला. जोशी त्या रात्रीपासून शब्द पाठ करायला लागले.

*

त्या हिवाळ्यात बिल स्वतःच माइकवर सांगायला उभा राहिला. डॉक्टरने बिअर बंद केली होती. खिशातून त्याने गोळ्यांची बाटली काढून दाखवली. वर लेबल होतं: 'मद्यासोबत घेऊ नये.'

"हे जोशीने चिकटवलंय."

सगळ्यांनी जोश्यांकडे असं पाहिलं, जणू रोगही त्यांनीच दिला होता.

"तूच गा रे," जोशी पुटपुटले. "मी थांबतो."

"शब्द म्हणजे शब्द. ये."

जोशी गेले. पहिली ओळ चुकीच्या पट्टीत उचलली. दुसरीपासून आवाज लागला, आणि चांगला लागला. पेला उंचावायची जागा आली तसा त्यांनी बिनदारूच्या जिंजर बिअरचा ग्लास वर केला.

बिल पुढे झाला. बाटलीवरचं लेबल त्याने नखाने अलगद सोडवलं, जोश्यांच्या ग्लासवर नीट दाबून बसवलं.

"हं, आता गा," म्हणाला.